बिनतारी की तारेतून?

“ताई, मी साताऱ्याचा, वय २९, औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी. दोन वर्षांपूर्वी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, जनरल ग्रेडचा परवाना मिळाला. मोर्स आमच्या सरांनी शिकवलं, रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसवून, जवळजवळ वर्षभर. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटी गच्चीवर तार बांधू देत नाही, म्हणून एक डीएमआर हँडी, म्हणजे डिजिटल पद्धतीचा हातातला रेडिओ, आणि तिला इंटरनेटशी जोडणारा हॉटस्पॉट घेतला. दुसरी पाळी संपवून रात्री बाराला घरी आलो की जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कुणी ना कुणी भेटतं. फार बरं वाटतं. मागच्या महिन्यात रविवारच्या रिपीटर नेटवर, म्हणजे हॅम लोकांच्या हवेवरच्या बैठकीत, मी आनंदानं सांगितलं, ‘काल रात्री न्यूझीलंड केलं.’ सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘न्यूझीलंड तू नाही केलंस, तुझ्या राउटरनं केलं. परवाना लागणारं व्हॉट्सअ‍ॅप आहे ते, रेडिओ नव्हे.’ तीन-चार जण हसले. तेव्हापासून मी नेटवर गेलो नाही आणि सरांच्या गल्लीतूनही जात नाही. खरं सांगा, मी हॅम आहे की नाही? हे सगळं विकून मोकळा होऊ का?”
(नाव छापू नका)

हॉटस्पॉट विकू नकोस. विकून हातात येणार किती, आणि घेणाराही तुझ्यासारखाच कुणीतरी गच्चीची किल्ली न मिळालेला असणार. राहू दे टेबलावर.

सरांनी ते चारचौघांत बोलायला नको होतं. नेट ही आपली चावडी आहे. तिथं आपणच शिकवलेल्या पोराचा पाणउतारा करू नये, एवढं भान त्यांच्या वयाच्या माणसाला हवं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी बऱ्याच ठिकाणी त्यांचीच बाजू घेणार आहे आणि तू रागावून पान उलटशील.

माझीच एक फजिती सांगते. एकोलिंक, म्हणजे हॅम लोकांना इंटरनेटवरून जोडणारा प्रोग्रॅम, नवं होतं तेव्हाची. जोनाथन टेलर नावाच्या अमेरिकन हॅमनं २००२ मध्ये ते आणलं, आणि तीन-चार वर्षांनी आमच्या घरी एकदाचं ब्रॉडबँड आल्यावर मी ते संगणकावर बसवलं. पहिल्याच आठवड्यात ब्राझीलचा एक गृहस्थ भेटला. पाऊण तास गप्पा. मुलं, कॉफी, पाऊस, सगळं झालं. मी हवेत. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका बुजुर्ग हॅमना फोन करून ऐटीत सांगितलं, “काल ब्राझील केलं.” ते म्हणाले, “वा! अँटेना कोणती होती?”

अँटेना नव्हतीच. रिग, म्हणजे रेडिओ संच, तीही बंद होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

त्यांनी पुढं काही म्हटलं नाही, हसलेही नाहीत. मी मात्र लॉगबुक काढलं. ती नोंद खोडली नाही, कारण गप्पा झाल्याच होत्या आणि छान झाल्या होत्या. शेजारी पेन्सिलीनं एक शब्द लिहिला: ‘तारेतून’. आपल्या छंदाला मराठीत बिनतारी म्हणतात हे त्या दिवशी मला नव्यानं आठवलं.

आता तुझं न्यूझीलंड घेऊ. तू हँडीचं बटण दाबून बोललास. आतल्या चिपनं तुझ्या आवाजाचे सेकंदाला २४५० बिट केले, वाटेत चूक झाली तर दुरुस्त करता यावी म्हणून आणखी ११५० जोडले. मग हँडीनं ते ३० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत एकाआड एक सोडले, कारण डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाटेवर दोन संभाषणं आळीपाळीनं चालतात. इथपर्यंत चोख रेडिओ. ही लाट तुझ्या खोलीतून टेबलापर्यंत गेली. किती अंतर? तीन मीटर धरू. तिथं हॉटस्पॉटनं ती पकडली, बिट सुटे केले, इंटरनेटच्या पाकिटांत भरले आणि राउटरच्या हवाली केले. पुढं सोसायटीच्या जिन्यातली फायबर, मग कुठल्यातरी सर्व्हरवर तुझ्या टॉकग्रुपचं दालन, मग समुद्रतळाची केबल. न्यूझीलंडमधल्या त्या माणसाच्या घरी त्याच्या हॉटस्पॉटनं १० मिलिवॅटवर पुन्हा लाट केली आणि ती त्याच्या खुर्चीपर्यंत गेली. त्याचेही तीन मीटर धर.

सहा मीटर बिनतारी, बारा हजार किलोमीटरच्या आसपास तारेतून. सरांचं अंकगणित बरोबर होतं.

पण अंकगणित बरोबर असलं म्हणून निकालही बरोबर असतो असं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची व्याख्या आहे. त्यात तीन कामं सांगितली आहेत: स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं, आणि तांत्रिक शोध घेणं. हे सगळं वैयक्तिक आवडीनं, पैशाच्या लोभाशिवाय. अंतराचा तिथं उल्लेख नाही. तीन मीटरही चालतात. त्या तीन मीटरांसाठी तुला परीक्षा द्यावी लागली, परवाना घ्यावा लागला, आणि बटण सोडण्याआधी कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं हवेवरचं नाव, सांगावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपला यातलं काही लागत नाही. तेव्हा ‘रेडिओ नव्हे’ हे सरांचं म्हणणं मला मान्य नाही.

मात्र फोनवरचं अ‍ॅप आणि समोरच्याकडेही फोनवरचंच अ‍ॅप, असं असेल तर हौशी पट्ट्यात एक मिलिवॅटसुद्धा जात नाही. त्याला मी रेडिओ म्हणत नाही. माझं ब्राझील त्यातलंच. हॅम लोकांच्या गप्पा म्हण, कट्टा म्हण, काही वाईट नाही त्यात.

बरं, सर ज्या नेटवर बोलले ते कुठं चालतं? रिपीटरवर. म्हणजे त्यांच्या हँडीनं पाच वॅट सोडले, डोंगरावरच्या पेटीनं ते उचलले आणि आपल्या ताकदीनं, आपल्या उंच अँटेनावरून पुन्हा सोडले. अमेरिकन रेडिओ रिले लीग या हॅम संघटनेचा डीएक्ससीसी हा शंभर देश-प्रदेशांचा पुरस्कार आपल्या छंदातली मोठी पदवी समजतात. त्यांच्या नियमानुसार रिपीटरमार्फत झालेला संपर्क धरलाच जात नाही, मग तो रिपीटर जुना एफएम असो नाहीतर नवा डिजिटल. उपग्रहाला तेवढी सूट, तीही उपग्रहाच्या वेगळ्या डीएक्ससीसीपुरती. ही रेघ अ‍ॅनालॉग आणि डिजिटलच्या मधून जात नाही. ‘मधे दुसऱ्या कुणी उचलून नेलं का’, एवढंच ती विचारते. त्या हिशेबानं तुझं न्यूझीलंड आणि सरांची रविवार सकाळ एकाच रांगेत बसतात. (हे त्यांना लगेच ऐकवू नकोस. पुढच्या महिन्यात, चहा घेताना.)

फरक आहे, तोही सांगते. तो डोंगरावरचा रिपीटर आपल्या माणसांनी उभा केलेला असतो. बॅटरी बसली, वीज पडली, माकडानं केबल ओढली, की आपलीच चार माणसं दोरखंड घेऊन चढतात. तुझी केबल तुटली तर तू कस्टमर केअरला फोन लावतोस.

तुझ्यासारख्यांची बाजू घेणारे एक ठरलेलं उत्तर देतात. ठिणगीच्या जुन्या स्पार्क यंत्रवाल्यांनी नव्या व्हॉल्व्हला नाकं मुरडली, जुन्या एएमवाल्यांनी एसएसबी या आवाज पाठवायच्या नव्या पद्धतीला बदकाची क्वॅकक्वॅक म्हटलं, तसंच हे. म्हातारे नेहमीच कुरकुरतात. हे उत्तर तू वापरू नकोस. एसएसबी बदकासारखी वाजत असेल, पण ते बदक आकाशातून उडत गेलं होतं. लाट कशी घडवायची यावरची ती भांडणं. तुझ्या बाबतीत प्रश्न लाटेनं वाट किती कापली याचा आहे, आणि तो नवा आहे. त्याला जुन्या भांडणात कोंबलं की समोरच्याचं खरं म्हणणं ऐकूच येत नाही.

एफटी८ बघ. २०१७ मध्ये ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ही पद्धत आणली. हे टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले, निवृत्तीच्या वयात आपल्यासाठी प्रोग्रॅम लिहीत बसतात. त्यात माणूस बोलतच नाही. संगणक १५-१५ सेकंदांच्या पाळ्या लावतो, ५० हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीत सूर सोडतो आणि गोंगाटाच्या वीस डेसिबल खाली बुडालेला कॉलसाइनही ओढून काढतो. कित्येक जुने हॅम म्हणतात, यात आमचं काय उरलं? पण ते डीएक्ससीसीला चालतं, कारण सगळी वाट आकाशानं नेलेली असते. तिथं यंत्र ऐकतं आणि आकाश वाहून नेतं. तुझ्याकडे माणूस बोलतो आणि केबल वाहून नेते. दोन्हींत काहीतरी आहे आणि काहीतरी नाही. मला विचारशील तर एफटी८ च्या शंभर संपर्कांपेक्षा तुझी रात्री बाराची एक गप्पा मला जास्त आवडेल. आणि तरीही पुरस्कार मी एफटी८ वाल्यालाच देईन.

आकाशानं नेण्याचं एवढं काय कौतुक, असं तुला वाटत असेल, कारण तू ते पुरतं अनुभवलेलं नाहीस. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानं हौशी लोकांना २०० मीटरच्या खालच्या लहरी देऊन टाकल्या होत्या, निरुपयोगी म्हणून. भाकरी थापून उरलेलं पीठ द्यावं तसं. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑन दलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल त्या ‘निरुपयोगी’ भागात, शंभरेक मीटरवर, अटलांटिकच्या दोन काठांवरून एकमेकांशी बोलले. लघुलहरी समुद्र ओलांडतात हे पुढं साऱ्या जगाला कळायला हौशी माणसांचा हा खटाटोप कारणी लागला. आजही ४० मीटरच्या लहरींवर बसलास तर उन्हं चढताना लांबची केंद्रं एकेक करून विरघळतात, कारण उंच वातावरणातला खालचा डी थर त्यांना पिऊन टाकतो. संध्याकाळी तो थर विरतो आणि कुठलातरी अनोळखी आवाज हळूहळू गोंगाटातून वर येतो. त्याच्या येण्यात सूर्याचा वाटा आहे, तुझ्या तारेचा आहे, ती किती उंच बांधलीस आणि कोणत्या दिशेला ताणलीस याचा आहे. हॉटस्पॉटवर न्यूझीलंड रोज सारखंच ऐकू येतं. भेटेल की नाही ही धाकधूक तिथं नाही. सर ज्याला रेडिओ म्हणतात त्यात या धाकधुकीचा वाटा मोठा आहे, असा माझा अंदाज.

आणि तार तुटते तेव्हाचं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून कित्येक वर्षं कुणी हॅम हवेवर आला नव्हता, जगभरचे हॅम त्यांच्यावर तुटून पडले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. टेलिफोन गेले. मौजेसाठी नेलेल्या त्याच रिग आणि त्याच अँटेना घेऊन त्या मुख्य भूमीशी बोलत राहिल्या, कोण सुखरूप आहे याचे निरोप पोचवत राहिल्या. तिथं हॉटस्पॉट असता तर तो टेबलावरचा एक दिवा झाला असता. म्हणून वर्षातून एकदा तरी राउटरचं बटण बंद करून बघावं की आपल्याकडे आता काय उरलं. तुझ्याकडे एक पाच वॅटची हँडी उरते, आणि ती कमी नाही. तिच्याकडे येतेच.

त्याआधी सरांबद्दल.

पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी त्या ओट्याशी थांबले. वर्षभर, रोज संध्याकाळी. मोर्स शिकवणं फार कंटाळवाणं काम आहे रे. शिकणाऱ्याला निदान रोज काहीतरी नवं मिळतं. शिकवणारा तेच ते डा डिट डा डिट वर्षभर ठोकत बसतो. मिनिटाला आठ शब्दांपर्यंत पोरगं येतं, परीक्षा होते, परवाना येतो, पेढे होतात. मग एका रविवारी ते पोरगं नेटवर येऊन सांगतं की काल मी न्यूझीलंड केलं. सरांनी त्या क्षणी काय ऐकलं असेल? त्यांना वाटलं असेल, आलं आपलं पोर चौदा मेगाहर्ट्झवर, वीस मीटरच्या लहरींवर! मग कळलं, हॉटस्पॉट. तू त्यांच्याकडे शिकलेलं मोर्स त्यानंतर एकदाही वापरलं नसशील. पत्रात तरी तसं काही नाही. त्यांचा टोमणा डीएमआरला कमी आणि त्या वर्षभराच्या संध्याकाळींना जास्त होता, असं मला वाटतं. चुकत असेन तर लिही.

आणि ‘मी हॅम आहे की नाही’ हे मला विचारू नकोस, सरांनाही नको. १९८७ मध्ये मी पहिल्यांदा नेटवर कॉलसाइन सांगितला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले होते, “वहिनी, माइक जरा मिस्टरांना द्या.” आमच्या ह्यांना सोल्डरिंगची इस्त्री कुठल्या टोकानं धरायची तेही ठाऊक नव्हतं. परवाना माझा, रिग मी बांधलेली, सुटे भाग मी पुण्याच्या तपकीर गल्लीत चार खेपा घालून जमवलेले. मी माइक कुणाला दिला नाही, तेच वाक्य पुढं बोलत राहिले. तूही पुढच्या रविवारी जा आणि तुझी पाळी आली की बोल.

आता हॉटस्पॉटचं. तो उघडून बघितलास का कधी? बहुतेकांच्या हॉटस्पॉटमध्ये एमएमडीव्हीएम नावाचा प्रोग्रॅम चालतो. तो लिहिणारे जोनाथन नेलर हे ब्रिटिश हॅम आहेत, आणि त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. तुझ्या हँडीतली आवाज दाबणारी चिप मात्र एका कंपनीच्या मालकीची आहे, आत काय चालतं ते कुणी दाखवत नाही. ही गोष्ट खटकली म्हणून ऑस्ट्रेलियातले डेव्हिड रो यांनी कोडेक२ हा खुला पर्याय लिहिला, आणि पोलंडमध्ये सुरू झालेल्या एम१७ या डिजिटल पद्धतीत आवाज दाबायचं काम तोच करतो. व्याख्येतलं तिसरं काम, तांत्रिक शोध, ते हेच. डिजिटलमध्ये शोधायला काही उरलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हा कोपरा बघितलेला नाही. फक्त तो टॉकग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ म्हणून सापडत नाही. तू कारखान्यात यंत्रांत हात घालणारा माणूस, तुला हे जड नाही.

काही किरकोळ पण महत्त्वाचं. आपला यूएचएफ हौशी पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. परदेशी माणसाची सेटिंग जशीच्या तशी उचललीस तर हॉटस्पॉट पट्ट्याबाहेर बोलत बसेल आणि तुला पत्ताही लागणार नाही. त्यातही ४३५ ते ४३८ हा उपग्रहांचा भाग. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर ४३७.८ वर खाली बोलतो, आणि तुझ्या शेजारच्या इमारतीत कुणी हातात यागी अँटेना धरून ते ऐकत असेल तर तुझे १० मिलिवॅटही त्याला नडतील. म्हणून ४३४ आणि ४३५ च्या मधे जागा शोध. तीन मीटरसाठी पाच वॅट लावू नकोस, हँडी सगळ्यात कमी ताकदीवर ठेव. उलट जवळून फार जोरात ओरडलं की हॉटस्पॉटला नीट ऐकू येत नाही. हँडीत प्रायव्हसी नावाची सोय असेल ती बंद. आपण अर्थ लपवून बोलायचं नाही, हा हौशी सेवेचा नियम आहे. परवान्यात कोणती उपकरणं, कोणत्या पद्धती आणि कोणता पत्ता लिहिला आहे तो कागद काढून एकदा वाच, आणि जे नसेल त्याची नोंद करून घे. कधीतरी ४०४ वर, आपल्या देशाच्या टॉकग्रुपवरही चक्कर टाक. सारखं जर्मनी-जपान काय!

हँडीकडे येते. ती डीएमआर असली तरी साधं एफएमही बोलते, हे लोक विसरतात. तुझ्या घराच्या वर अजिंक्यतारा उभा आहे. किल्ल्यावर तीनेकशे मीटर उंची मिळते, आणि तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज साधारण ७० किलोमीटरवर जातं. मधे दुसरा डोंगर आडवा आला नाही तर पाच वॅट त्याला पुरतात. हँडीबरोबर आलेली रबरी अँटेना घरी ठेव. पितळी सळईचे ४९ सेंटिमीटरचे पाच तुकडे काप, एक चेसिस सॉकेट घे, एक तुकडा उभा आणि चार खाली तिरके डाख. झाली पाव-लहरीची अँटेना, दोन मीटरच्या बँडसाठी. खर्च फार नाही. परवान्यात फिरत्या केंद्राची सोय नसेल तर ती मिळेपर्यंत वर जाऊन नुसतं ऐक. ऐकण्यातही खूप कळतं. पहिल्यांदा रिपीटरशिवाय, राउटरशिवाय, पन्नास किलोमीटरवरचा कुणी तुझा कॉलसाइन परत सांगेल ना, तेव्हा न्यूझीलंडच्या आठवणीनं जरा हसू येईल तुला.

सोसायटीशी भांडत बसू नकोस. भाडेकरूचं भांडण घरमालकावर जातं आणि शेवटी सामान तुझं हलतं. बाल्कनीत बघ. २० मीटरच्या बँडचा डायपोल म्हणजे सगळी मिळून दहा मीटर तार, पाच इकडे, पाच तिकडे. बाल्कनी तीन मीटरची असली तर टोकं दुमडून खाली सोड. अँटेना कुरकुरते, पण चालते. बारीक इनॅमलची तार असेल तर रस्त्यावरून दिसतही नाही. आणि रिग विकत घ्यायला पैसे नाहीत असं म्हणू नकोस. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, व्हीयू२ईएसई, बिटएक्स या रिगचा आराखडा आपल्यासारख्यांसाठीच केला, आपल्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून. नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळून लोकांनी तो बांधलाय. आज जगभर बांधतात.

पण डायपोल तू एकट्यानं बांधू नकोस. सरांना फोन कर. नेटवर नको, संदेश पाठवूनही नको, फोनच. माफी मागू नकोस आणि मागायलाही लावू नकोस. एवढंच म्हण, “सर, बाल्कनीत वीस मीटरचा डायपोल बसवायचाय, टोकं दुमडावी लागणार, लांबी जमत नाहीये. येता का?” लांबी न जमणं हे ज्येष्ठ हॅमला घराबाहेर काढायचं सगळ्यात खात्रीचं कारण आहे. ते मीटर घेऊन येतील. बाल्कनी बघून नाक मुरडतील. मग तासाभरानं तार धरून स्टुलावर उभे असतील आणि तू खालून स्टूल धरलेलं असेल. त्यांचं वय बघता स्टुलावर तूच चढ, खरं तर.

रिग तयार नसेल तर त्यांच्याकडचं एखादं जुनं पेटारं मागून आण, कपाटात असणारच. मोर्स ठोकायची की तुझ्याकडे आहे, परीक्षेची. तिच्यावरची धूळ पूस, कॉन्टॅक्टवरून कोरा कागद एकदा फिरव. ते घरी पोचले की त्यांना वीस मीटरवर मोर्समध्ये हाक मार. गावातल्या गावात एवढं अंतर जमिनीलगतची लाटच नेईल, आकाशाची गरज पडणार नाही. आठाच्या वेगानं येत नसेल तर पाचानं मार, ते थांबतील. लॉगमध्ये एक रकाना जास्तीचा आख, ‘कशातून’, आणि न्यूझीलंडपुढं ‘तारेतून’ लिहून ही नोंद तिच्या खाली घे.

आणि बसण्याआधी हॉटस्पॉट आणि राउटर दोन्हींचे अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून उपटून ठेव. वीस मीटरवर भयंकर खरखर करतात ते.